उतरवलेले इंजिन तेच राहते का?

इंजिन पूर्ण उतरवताना जोडाच्या भागांवर आधी खुणा करतात. कनेक्टिंग रॉड आणि त्याची कॅप यांच्यावर एकाच बाजूला सिलिंडरचा क्रमांक ठोकलेला असतो. नसेल तर डॉट पंचाने ठिपके देतात, पहिल्याला एक, दुसऱ्याला दोन. मेन बेअरिंगच्या कॅपवर क्रमांक आणि पुढची बाजू दाखवणारा बाण हवा. टॅपेट आणि पुशरॉड यांना पंच मारता येत नाही. पुशरॉड पुठ्ठ्याला भोके पाडून क्रमाने खोचून ठेवतात. बेअरिंग बसते त्या पृष्ठभागावर पंच लावायचा नाही, आणि खडूची खूण रॉकेलच्या पहिल्या धुण्यातच जाते.

या खटाटोपाला दोन कारणे आहेत. पहिले कारखान्यातले. बहुतेक रॉडची कॅप बोल्टने आवळून मगच आतला गोल कापतात. म्हणून तो गोल फक्त त्या दोघांचा असतो. दुसऱ्या रॉडची कॅप लावली, किंवा तीच उलटी बसवली, तर गोल बिघडतो आणि बेअरिंग जळते. दुसरे कारण वापराचे. नवे टॅपेट कोणत्याही भोकात चालते. पण चाललेले टॅपेट कॅमच्या एका ठरावीक उंचवट्यावर घासून त्याच्यासारखे झालेले असते. त्याला शेजारच्या उंचवट्यावर बसवले की दोन्ही झपाट्याने झिजतात.

न्याय-वैशेषिक परंपरेला या इंजिनाविषयी स्पष्ट मत द्यावे लागेल. तिच्या मते अवयवी, म्हणजे पूर्ण वस्तू, अवयवांहून वेगळी असते. वस्त्राचे समवायी कारण तंतू आणि असमवायी कारण त्या तंतूंचा संयोग. संयोग तुटला की वस्त्र नष्ट होते. एक धागा काढला तरी जुने वस्त्र संपते आणि उरलेल्या धाग्यांतून ‘खंडपट’ हे नवे वस्त्र जन्मते. या हिशेबाने बांधून झालेले इंजिन जुने नव्हेच. त्याच अवयवांपासून झालेले ते दुसरे इंजिन आहे. ‘मिलिंदप्रश्न’ या बौद्ध ग्रंथातला नागसेन उलट टोकाला उभा आहे. चाक, आस, दांडी यांपैकी एकही रथ नाही आणि त्यांच्यापलीकडेही रथ नाही. रथ हे त्यांच्या आधाराने चालणारे नाव. नागसेनाला खुणांची अडचण नाही, पण खूण चुकली तर काय बिघडते हेही त्याच्या उत्तरातून कळत नाही.

दोन्ही पक्ष अवयवाला तयार माल समजतात, असे म्हणावेसे वाटते. कतारमधील उम्म सलाल मोहम्मद येथील बरझान बुरुजांच्या बाबतीत ही समजूत बरीच खपून जाते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उभारलेल्या आणि 1910 मध्ये शेख मोहम्मद बिन जासिम अल थानी यांनी दुरुस्त केलेल्या या बुरुजांवरून टेहळणी होत असे आणि चंद्रदर्शनही. प्रवाळी दगड, चुनखडी, मातीचा गिलावा. छपराला लाकडी वासे, त्यावर बांबूच्या पट्ट्या, वर दाबलेली माती. एक वासा कुजला की दुसरा घालायचा. वासे एकमेकांशी झिजलेले नसतात, म्हणून कोणता कुठला हे लिहून ठेवण्याची गरज फारशी पडत नाही.

सुटलेले पुन्हा जुळवण्याचा प्रश्न इस्लामी विचारात पुनरुत्थानाच्या रूपाने येतो. कुराणाच्या ‘अल-कियामा’ या सूरेत विखुरलेली हाडे बोटांच्या टोकांपर्यंत जुळवली जातील असे आश्वासन आहे. ‘अल-बकरा’त इब्राहीम चार पक्ष्यांचे भाग वेगवेगळ्या डोंगरांवर ठेवतात आणि हाक मारताच पक्षी परत येतात. इब्न कथीर यांच्या भाष्यातल्या कथनानुसार पक्ष्यांची डोकी इब्राहीम यांच्या हातात होती, आणि दुसऱ्याचे डोके पुढे केले तर पक्षी ते स्वीकारत नसे. कॅप आणि रॉडचे नाते माहीत असलेल्याला हा तपशील उगाच वाटणार नाही.

तत्त्वज्ञांना मात्र तो पुरेसा वाटला नाही. जे एकदा नाहीसे झाले ते तेच म्हणून परत येऊ शकत नाही, असे इब्न सीना (980–1037) यांचे म्हणणे. मधला खंड बुजवणार कसा? नैयायिकाची शंका याच जातीची आहे. 1095 मध्ये पूर्ण झालेल्या ‘तहाफुत’ या ग्रंथाच्या शेवटच्या, विसाव्या प्रश्नात गझाली यांनी उत्तर दिले: माणूस आत्म्यामुळे तोच राहतो, शरीर त्याच द्रव्याचे असो वा नव्या.

इंजिनाला आत्मा नाही. कायदा त्याच्या जागी ब्लॉकवरचा इंजिन क्रमांक धरतो आणि पिस्टन, रिंगा, बेअरिंग सगळे बदलले तरी गाडीच्या कागदावर इंजिन तेच राहते. हा सोयीचा करार आहे, नागसेनाला पटण्यासारखा. कारागिराच्या खुणा वेगळे काही जपतात. भाग सुटे असताना संयोग अस्तित्वात नसतो. पण प्रत्येक भागाच्या झिजेत त्याचा जोडीदार उरलेला असतो, आणि खूण ती झीज कुणाशी जुळते ते सांगते. म्हणून खंड पडूनही ‘तेच इंजिन’ म्हणण्याला आधार आहे, आणि तो ब्लॉकच्या क्रमांकापेक्षा भक्कम आहे. हा आधार सगळीकडे सारखा नाही. रिंगा, गास्केट आणि बेअरिंगचे पत्रे टाकूनच द्यायचे असतात. त्यांच्यावर कुणी खूण करत नाही.

अलीकडच्या अनेक इंजिनांत रॉड अखंड घडवून मग मुद्दाम मोडतात. मोडीचा खडबडीत पृष्ठभाग दुसऱ्या कुठल्याच कॅपशी जुळत नाही, त्यामुळे कॅप कोणत्या रॉडची हे पंचाने सांगावे लागत नाही. रॉड कोणत्या सिलिंडरचा, हे मात्र तिथेही लिहून ठेवावे लागते.