म्हाताऱ्या घोड्याचे देणे



आगमनकाळ सुरू झाला की घरोघरी नाताळच्या भेटींच्या याद्या होऊ लागतात. ज्याच्याकडे सारे काही आहे त्याला काय द्यावे, हा प्रश्न दरवर्षी पडतो. काही कुटुंबांना त्याचे एक वेगळे उत्तर सापडले आहे. मुलाच्या किंवा आजी-आजोबांच्या नावाने ते कामातून सोडवलेल्या एखाद्या घोड्याचे पालकत्व घेतात आणि त्याला सांभाळणाऱ्या संस्थेला चारापाण्यासाठी व औषधोपचारासाठी दरमहा काही रक्कम देतात. यावर कोणीही विचारील, माणसे उपाशी असताना घोडा पोसणे ख्रिस्ती माणसाला शोभते का? हा प्रश्न टाळण्यासारखा नाही.

प्रथम घोड्याची बाजू पाहू. मुंबईत गेटवेजवळ आणि मरीन ड्राइव्हवर व्हिक्टोरिया धावत असत. त्यांत हौसेने बसलेली माणसे आपल्या धर्मग्रामातही असतील. जून २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हौसेखातर चालणाऱ्या या घोडागाड्या बेकायदा ठरवल्या आणि वर्षभराच्या आत त्या बंद करण्यास सांगितले. गाडी थांबली, पण घोड्याचे पोट थांबत नाही. घोडा पंचवीस-तीस वर्षे जगू शकतो, ओझे ओढण्याची ताकद मात्र त्याच्या बरीच आधी संपते. रोज सहा-सात किलो कोरडा चारा लागतो, दीड-दोन महिन्यांनी खूर कापावे लागतात. दात झिजले की चारा भिजवून मऊ करून द्यावा लागतो. कमाई बंद झाल्यावर गरीब मालकाने हे कोठून आणायचे?

मुक्या प्राण्यांशी क्रूरपणे वागणारा माणूस पुढे माणसांशीही तसाच वागू लागतो, असे संत थॉमस अक्विनास यांनी म्हटले आहे. तत्त्वज्ञ कान्ट यांचेही मत असेच होते. ते खरे आहे, पण पुरेसे नाही. अशाने घोडा म्हणजे आपला स्वभाव सुधारण्याची पाटी ठरतो. पवित्र शास्त्र याच्या पुढे जाते. निर्गमच्या पुस्तकात शब्बाथाची विश्रांती बैलाला आणि गाढवालाही दिली आहे. अनुवादच्या पुस्तकात मळणीच्या बैलाला मुसके बांधण्यास मनाई आहे. जो राबला त्याचा धान्यात वाटा आहे. पोळ्याला बैलाच्या तोंडात पुरणपोळी घालणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. मराठीत ‘देणे’ म्हणजे दान आणि ‘देणे’ म्हणजे कर्जही. म्हाताऱ्या घोड्याच्या बाबतीत दुसरा अर्थ अधिक खरा आहे.

आता माणसाची बाजू. कॅथॉलिक धर्मशिक्षण ग्रंथाच्या २४१८ व्या परिच्छेदात दोन्ही गोष्टी एकत्र सांगितल्या आहेत. प्राण्यांना विनाकारण यातना देणे मानवी प्रतिष्ठेला शोभत नाही, आणि जो पैसा आधी माणसांचे हाल निवारण्यास लागायला हवा तो प्राण्यांवर उधळणेही शोभत नाही. म्हणून आपण स्वतःला विचारावे की हा पैसा कोणाच्या वाट्यातून जात आहे. गरिबांसाठी ठेवलेल्या पाकिटातून काढून घोड्याला देणे हा अन्याय होईल. रोषणाई, केक, तिसरा नवा पोशाख यांतून वाचवून दिले, तर गरिबाचे काहीच कमी होत नाही.

घोड्याशेजारी उभ्या असलेल्या माणसालाही विसरून चालणार नाही. न्यायालयाने घोड्यांबरोबर त्यांच्यावर पोट भरणाऱ्या कुटुंबांच्या पुनर्वसनाचाही विचार करण्यास सांगितले होते. घोडा सोडवला आणि मोतद्दाराला वाऱ्यावर सोडले, तर सुटका अर्धीच राहते. म्हणून रक्कम देण्यापूर्वी संस्थेला विचारावे. घोडा अखेरपर्यंत सांभाळणार का? वरातीसाठी पुन्हा भाड्याने तर देणार नाही ना? मालकाला पैसे देऊन सोडवला असेल, तर त्या पैशांतून दुसरे शिंगरू त्याच कामाला जुंपले गेले का? जन्मभर घोडे राखलेल्या माणसांना तेथे काम मिळते का?

नाताळच्या सुट्टीत आपल्यातील अनेक कुटुंबे नेरळमार्गे माथेरानला जातात. दस्तुरी नाक्यापासून पुढे घोड्यावर बसण्याची मुलांना हौस असते. तेथे भाड्यात घासाघीस करणे म्हणजे मालकाच्या ताटात आणि घोड्याच्या चाऱ्यात हात घालणे होय. लंगडणारा, पाठीवर जखम असलेला घोडा नाकारावा आणि का नाकारला ते मालकाला सौम्य शब्दांत सांगावे. ज्यांना दरमहा रक्कम देणे परवडत नाही, त्यांना एवढे तरी जमेल.

पालकत्वाची भेट मुलाला द्यायची असेल, तर नुसते प्रमाणपत्र देऊ नये. दरमहा त्याच्या खाऊच्या पैशांतला छोटा वाटा त्यात असावा, आणि वर्षातून एकदा त्याला घोडा दाखवून आणावे. घोडा आभार मानणार नाही, परतभेटही पाठवणार नाही. परतफेडीची आशा न ठेवता देण्याची सवय लहानपणी लागली, तर मोठेपणी गरिबांना देतानाही ती उपयोगी पडेल.

संत फ्रान्सिस यांनी १२२३ साली ग्रेचो गावी नाताळचा देखावा मांडला, तेव्हा खरा बैल आणि खरे गाढव तेथे उभे केले होते. यंदा गोठा सजवताना मातीच्या जनावरांवरची धूळ आपण पुसूच. त्याच वेळी घरात बसून, जिवंत जनावराचे आणि त्याच्या धन्याचे आपण काय देणे लागतो, याचा हिशेबही करू या.