पोहोचता न येणारी बेरीज

तीन रिकाम्या चौकटी, त्यांच्यामध्ये अधिकची चिन्हं आणि शेवटी ३०. खाली आकडे दिलेले: १, ३, ५, ७, ९, ११, १३, १५. एकच आकडा पुन्हा वापरला तरी चालेल. हे कोडं कित्येक वर्षं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं आहे आणि माणसं त्यावर मनापासून वेळ घालवतात. १५ + १३ + १ म्हणजे २९. एकाच्या जागी ३ घेतला तर ३१. इतकं जवळ आल्यावर ३० इथेच कुठेतरी असणार, असं वाटतं. पण दोन विषम संख्यांची बेरीज सम येते आणि तिच्यात तिसरी विषम मिळवली की उत्तर पुन्हा विषमच येतं. यादीत आणखी हजार विषम संख्या घातल्या तरी त्यांतल्या कुठल्याही तिघींची बेरीज ३० होणार नाही.

यावर ‘उत्तरं’ सांगणारे भेटतात. कुणी इंग्रजी लिपीतला ९ उलटा करून ६ बनवतो, कुणी दोन आकड्यांमध्ये दशांशचिन्ह घुसवतो. मला या युक्त्या आवडत नाहीत. ३० जमत नाही, एवढंच नव्हे तर का जमत नाही हे दोन वाक्यांत कळतं, हाच या कोड्यातला खरा ऐवज आहे आणि युक्ती नेमका तोच झाकून टाकते.

ठरलेल्या बेरजेला पोहोचायच्या सगळ्या कोड्यांत ‘हो’ आणि ‘नाही’ ही उत्तरं सारख्या तोलाची नसतात. ‘हो’ म्हणायला एक वाट दाखवली की पुरे. ती कशी सुचली, किती वेळ लागला, याच्याशी कुणाला देणंघेणं नसतं. बेरीज करून पाहायची की झालं. ‘नाही’ म्हणणाऱ्याला मात्र सगळ्याच वाटांबद्दल बोलावं लागतं, न चाललेल्या वाटांबद्दलही. शंभरदा प्रयत्न करून जमलं नाही, यावरून जमणारच नाही असं ठरत नाही. त्यासाठी सगळ्या वाटांमध्ये समान असलेलं काहीतरी हाती लागावं लागतं. वरच्या कोड्यात ते सम-विषमात होतं.

सगळीकडे ते इतकं वर तरंगत नसतं. एक जुनं कोडं घेऊ, हेन्री डुडेनीसारख्या इंग्रज कोडेकारांनीही हाताळलेलं. १ ते ९ हे अंक याच क्रमाने लिहायचे, मध्ये चिन्हं घालायची आणि १०० आणायचे. आधी फक्त अधिकची चिन्हं वापरून बघा. शेजारचे अंक जोडून दोन अंकी संख्या केली तरी चालेल. १ + २ + ३ + ४ + ५ + ६७ + ८ + ९ केलं की ९९ येतात. ६ आणि ७ सुटे करून ७ आणि ८ जोडले की १०८. कागद भरत जातो. ५४ येतात, ११७ येतात, १०० काही येत नाहीत.

कारण शाळेत शिकलेल्या नवाच्या कसोटीत आहे. कुठल्याही संख्येला ९ ने भागल्यावर जी बाकी उरते, तीच तिच्या अंकांच्या बेरजेला ९ ने भागल्यावर उरते. १ ते ९ यांची बेरीज ४५, म्हणजे बाकी शून्य. मग ते अंक सुटे ठेवा, जोडा, कसेही तोडा. नुसत्या अधिकच्या चिन्हांनी येणारं प्रत्येक उत्तर ९ च्या पटीतच असणार. १०० ला ९ ने भागलं की १ उरतो. म्हणून ९९ नंतर एकदम १०८.

वजाबाकीची मुभा मिळाली की दार उघडतं: १२३ − ४५ − ६७ + ८९ = १००. पण हेही नुसतं नशिबाने सापडतं असं नाही. एखादा अंक अधिककडून उणेकडे गेला की एकूण अंकबेरीज त्या अंकाच्या दुपटीने घटते. बाकी १ उरायची असेल, तर उणे बाजूला गेलेल्या अंकांच्या बेरजेला ९ ने भागल्यावर ४ उरलेच पाहिजेत. वरच्या उत्तरात ४, ५, ६ आणि ७ उणे गेले. त्यांची बेरीज २२, बाकी ४. ज्या विचाराने आधी दार बंद असल्याचं सांगितलं, तोच आता किल्लीचा आकारही सांगतो. अशक्यतेचा शोध माणसाला हात टेकायला लावतो, ही समजूत मला म्हणूनच चुकीची वाटते.

असा दुवा प्रत्येक वेळी सापडतोच असं नाही. ४० संख्यांची एक यादी घ्या आणि तिच्यातल्या काही निवडून एक ठरलेली बेरीज आणायची असं म्हणा. प्रत्येक संख्या घ्यायची किंवा सोडायची. निवडी होतात एक लाख कोटींहून जास्त. यादीत एक संख्या वाढली की निवडी दुप्पट. रिचर्ड कार्प यांनी १९७२ मध्ये ज्या २१ अवघड प्रश्नांची यादी केली, तिच्यात हा प्रश्न आहे. कितीही मोठ्या संख्यांच्या कुठल्याही यादीसाठी झटपट चालेल अशी रीत आजवर मिळालेली नाही. अशी रीत असूच शकत नाही, हेही कुणी सिद्ध केलेलं नाही.

आपल्या शाळांमध्ये ‘नाही’ या उत्तराला जागाच नसते, याचं मला वाईट वाटतं. पुस्तकाच्या शेवटी प्रत्येक उदाहरणाचं उत्तर छापलेलं असतं. शिष्यवृत्ती परीक्षेत पर्याय दिलेले असतात आणि योग्य उत्तर त्यांच्यातच असतं, म्हणून मुलं चुकीचे पर्याय गाळायला शिकतात. ते कौशल्यच आहे. पण उत्तर आहे हे आधीच गृहीत धरून शोधणाऱ्या मुलाला ‘ते आहे का?’ हा प्रश्न पडायला सवडच मिळत नाही. तीन विषम चौकटींचं कोडं चौथीच्या वर्गात द्यावं, भरपूर वेळ द्यावा आणि ‘जमत नाही’ म्हणणाऱ्याला शेजारी बसवून ‘का?’ एवढंच विचारावं. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला ते कारण स्वतःहून सापडू शकतं. त्याच्या आयुष्यातली ती पहिली सिद्धता असेल.

हाच प्रश्न अगदी साध्या बेरजेला विचारणारा एक शिक्षक आपल्याकडे होऊन गेला. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ मध्ये डहाणूला झाला आणि १९३० ते १९६२ ते नाशिकजवळच्या देवळालीत शाळेत शिकवत होते. ६१७४ या संख्येमुळे त्यांचं नाव जगभर गेलं, पण मला त्यांचं दुसरं काम जास्त जवळचं वाटतं. कोणतीही संख्या घ्या आणि तिच्यात तिचेच अंक मिळवा. १५ मध्ये १ आणि ५ मिळवले की २१. म्हणजे १५ हा २१ चा जनक. कापरेकरांनी उलटा प्रश्न विचारला: जिला जनकच नाही, अशी संख्या असते का?

२० घ्या. १ ते ९ पर्यंतचे आकडे स्वतःमध्ये मिळवले की २, ४, ६ असं १८ पर्यंत सगळं सम येतं. १० ते १९ पर्यंतच्या संख्यांतून ११, १३, १५ असं २९ पर्यंत सगळं विषम येतं. २० च्या पुढे तर उत्तर २० ओलांडूनच जातं. म्हणून २० ला कुणीच पोहोचत नाही, आणि कारण पुन्हा सम-विषमाचंच. पुढे ३१, ४२, ५३ असं अकरा-अकराने चालत ९७, मग १०८. पण त्यानंतर ११९ नव्हे, ११० येते. शतक ओलांडलं की लय मोडते. कापरेकरांनी यांना स्वयंभू संख्या म्हटलं. देवळाली संख्या हे त्यांचं दुसरं नाव, गावाचं नाव गणितात नेणारं. त्यांच्या कामाकडे बरेच गणितज्ञ निव्वळ करमणूक म्हणून बघत. मार्टिन गार्डनर यांनी १९७५ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात त्याबद्दल लिहिलं, तेव्हा बाहेरच्या जगाचं लक्ष गेलं.

या संख्यांवरची त्यांची पुस्तिका देवळालीहूनच १९६३ मध्ये निघाली. १९६३ ला जनक आहे का, हे बघायला फार खटपट लागत नाही. चार अंकांची बेरीज जास्तीत जास्त ३६, म्हणून १९२७ च्या खाली उतरायला नको. नवाच्या कसोटीने बघितलं तर १९६३ ची बाकी १. जनक आणि त्याच्या अंकांची बेरीज यांची बाकी सारखीच, म्हणजे जनकाच्या बाकीची दुप्पट या १ शी जुळायला हवी. ते ५ मुळेच जमतं. असे उमेदवार चारच उरतात: १९३१, १९४०, १९४९, १९५८. त्यांच्यापासून १९४५, १९५४, १९७२ आणि १९८१ मिळतात. १९६३ कुणालाच गाठता येत नाही. ते सालही स्वयंभू. २०२२ तसंच होतं. पुढचं २०३३ मध्ये येईल आणि त्याचे उमेदवार आहेत २००२, २०११, २०२० आणि २०२९.