वेंगुर्ल्याच्या खडकांवर, मयूर विहारात बसून

मे महिन्यातली दुपार कलली आहे. दिल्लीतल्या मयूर विहारच्या गच्चीवरून खादरातली, म्हणजे नदीच्या पूरपट्ट्यातली, शेतं आणि पलीकडे यमुना दिसते. सावलीत बसा. पाठ टेकलीत तरी चालेल. श्वास त्याच्या चालीनं येऊ द्या.

आता डोळे मिटा आणि मनानं कोकणात उतरा. वेंगुर्ल्यासमोर भर समुद्रात उघडे खडक आहेत, त्यांतल्या एकावर दीपगृह. विणीसाठी तिथे सुरय पक्षी येतात. एका कपारीशी थांबा. आत दगडावर एकच अंडं आहे, ठिपक्याठिपक्यांचं. खाली धड काडीसुद्धा नाही. भोवतीच्या खडकाला हात लावला तर चटका बसेल. अंड्यावर सुरय बसला आहे: पाठ करडी, कपाळ पांढरं, डोळ्यावरून काळी पट्टी. अंडी उबवायची म्हणजे ऊब द्यायची, एवढंच आपल्याला ठाऊक असतं. इथे भर दुपारी तो सावली देतो आहे.

आता आपलीच होडी खडकाला लागली असं समजा. एक पक्षी उठतो, मग सगळा थवा. आपण हौसेनं वर बघत राहतो आणि खाली अंडी उन्हात पडलेली. हे नीट दिसू द्या. अस्वस्थ वाटेल. वाटू द्या, घाईनं पुढे जाऊ नका.

खडकांतल्या गुहेत पाकोळ्या आहेत. मिट्ट काळोखात टक्‌टक् आवाज करत, त्याच्या प्रतिध्वनीवरून त्या वाट काढतात. भिंतीला लाळेनं चिकटवलेली घरटी, अर्ध्या वाटीएवढी. परदेशात त्या लाळेचं सूप करतात, म्हणून इथली घरटी चोरीला जात. या सुरयांवर आणि पाकोळ्यांवर पक्षिअभ्यासक हुमायून अब्दुलअलींनी १९४० साली बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात लिहिलं. पुढे पाकोळ्यांच्या रक्षणाचं काम चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’नं अंगावर घेतलं. इतरांनी तिथे जाऊ नये म्हणून जे गेले, त्यांच्याविषयी मला फार आदर वाटतो. आपल्यासारख्यांनी मात्र असंच जावं, मनानं.

१ जूनपासून यांत्रिक बोटींची मासेमारी बंद होते, समुद्र खवळतो, होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात. पुढे येणारा सगळा पाऊस त्या खडकांवर पडू द्या.

मग डोळे उघडा. समोर पुन्हा यमुना आहे. नदी सुरयही उन्हाळ्यात नदीतल्या वाळूच्या बेटांवर अशीच उघड्यावर अंडी घालतो. संध्याकाळी यमुनेकडे फिरायला गेलात आणि तो पाण्यावरून उडताना दिसला, तर कुठे उतरतो ते काठावरूनच बघा. बरोबर कुत्रा असेल तर त्याची साखळी सोडू नका.