उघडं राहिलेलं दार

३१ मे १९१६ला जटलंडच्या लढाईत ब्रिटिशांच्या 'इन्डिफॅटिगेबल', 'क्वीन मेरी' आणि 'इन्व्हिन्सिबल' या युद्धनौका स्फोटांनी फुटल्या. सुमारे ३,३०० माणसं गेली.

तोफेच्या बुरुजातली आग खाली दारूकोठारात पोचू नये म्हणून मधे दारं असतात. ती उघडण्या-लावण्यात वेळ जातो, आणि नौदलात कौतुक व्हायचं ते झटपट तोफा डागणाऱ्यांचं. म्हणून दारं उघडी राहायची, कॉर्डाइट वाटेतच रचून ठेवलेलं असायचं.

मग दोष कुणाचा? दार उघडं ठेवणारा खलाशी कामचुकार नव्हता. त्याला शाबासकी हवी होती. ती कशासाठी द्यायची हे वरच्यांनी ठरवलं. मला वाटतं, जबाबदारी तिथून सुरू होते.

त्याच दिवशी 'लायन'वर प्राणघातक जखमी झालेल्या मेजर फ्रान्सिस हार्वी यांनी कोठारात पाणी सोडायला लावलं. जहाज वाचलं. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, आणि तो योग्यच होता. पण 'लायन'चे गनर अलेक्झांडर ग्रँट यांनी लढाईच्या कितीतरी आधी कोठारातली ढिलाई मोडून काढली होती. त्यांचं नाव आपल्याला क्वचितच माहीत असतं.

रोज मुकाट्यानं दार लावणाऱ्याची गोष्ट होत नाही. कारण त्याच्यामुळे काहीच घडत नाही.