वाचण्याआधीच दिलेला निकाल

डिसेंबर २०१६ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाच्या फुटबॉल संघाने बहिष्कार पुकारला. सप्टेंबरमधल्या एका रात्री एका विद्यार्थिनीवर लैंगिक अत्याचार झाल्याच्या तक्रारीची विद्यापीठाने चौकशी केली होती आणि तिच्या आधारे संघातल्या दहा खेळाडूंना निलंबित केलं होतं. उरलेले खेळाडू संघाच्या जर्सी घालून कॅमेऱ्यांसमोर उभे राहिले. त्यांच्यातल्या एकाने निवेदन वाचलं: आमच्या सहकाऱ्यांवर अन्याय झालाय, निलंबन मागे घ्या, नाहीतर आम्ही ‘हॉलिडे बोल’चा सामना खेळणार नाही. प्रशिक्षक ट्रेसी क्लेज यांनी आपल्या पोरांचा इतका अभिमान कधीच वाटला नव्हता, असं ट्विटरवर लिहिलं.

दोन दिवसांत बहिष्कार संपला. मधल्या काळात चौकशीचा ऐंशी पानी अहवाल एका स्थानिक वाहिनीने प्रसिद्ध केला आणि लोकांनी तो वाचला. निलंबितांना निष्पक्ष सुनावणी मिळेल, असं आश्वासन विद्यापीठाने दिलं हे खरं. पण वातावरण पालटलं ते अहवालामुळे. अठ्ठेचाळीस तासांपूर्वी ‘आमच्या मुलांना न्याय द्या’ म्हणणाऱ्यांना ती पानं समोर आल्यावर तेच वाक्य त्याच जोरात म्हणता येईना.

मला या प्रकरणात सगळ्यात अस्वस्थ करतो तो बहिष्काराचा क्रम. आधी बाजू घेतली गेली, वाचन नंतर झालं. यात फक्त खेळाडूंना दोष देऊन भागणार नाही. विशी-बाविशीची ती पोरं, एकत्र राहणारी, एकत्र घाम गाळणारी. सोबत्याच्या पाठीशी उभं राहायचं हेच त्यांना वर्षानुवर्षं शिकवलेलं. पण त्यांच्यामागे हजारो प्रौढ चाहते, माजी विद्यार्थी आणि देणगीदार होते. त्यांनाही कागद बघावासा वाटला नाही. त्यांच्याकडे एकच मुद्दा होता: सरकारी वकिलाने ऑक्टोबरमध्ये खटला भरायला नकार दिला, म्हणजे ती मुलगी खोटं बोलते आहे.

हा गैरसमज अशा प्रत्येक प्रकरणात दिसतो. माणसाला तुरुंगात धाडायचं तर गुन्हा वाजवी संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो, आणि तसंच असायला हवं. विद्यापीठाची चौकशी मात्र १९७२ च्या ‘टायटल नाइन’ या कायद्याखाली चालते. तिथे प्रश्न तुरुंगाचा नसतो. या विद्यार्थ्याला त्या विद्यार्थिनीसोबत त्याच आवारात राहू द्यायचं का, एवढाच असतो. त्यासाठी सहसा पुराव्याचं पारडं एका बाजूला झुकलेलं असणं पुरतं. खटला उभा राहिला नाही याचा अर्थ ‘काही घडलंच नाही’ असा होत नाही. पुढे सुनावण्या आणि अपिलं झाली. दहापैकी पाच जणांवरची कारवाई कायम राहिली, पाच जण सुटले. ही निवड ना बहिष्कार घालणाऱ्यांना करता आली असती, ना दहाही जणांना एकाच दोरीने बांधू पाहणाऱ्यांना.

अशा चर्चेत लगेच ड्यूक विद्यापीठाचं नाव निघतं, आणि ते निघायलाच हवं. मार्च २००६ मध्ये तिथल्या लॅक्रॉस संघातल्या तीन खेळाडूंवर बलात्काराचा आरोप झाला. हंगाम रद्द झाला, प्रशिक्षकांनी राजीनामा दिला, मुलांच्या घराबाहेर निदर्शनं झाली. सरकारी वकील माइक नायफाँग तेव्हा निवडणुकीला उभे होते. मुलांच्या बाजूने जाणारे डीएनए चाचणीचे निष्कर्ष त्यांनी बचाव पक्षाला कळू दिले नाहीत. बचावाच्या एका वकिलाने प्रयोगशाळेच्या कागदांचा ढीग स्वतः अभ्यासला तेव्हा ते उघड झालं. एप्रिल २००७ मध्ये राज्याचे महाधिवक्ता रॉय कूपर यांनी तिघांनाही निर्दोष जाहीर केलं, नायफाँग यांची सनद गेली. आपण खोटं बोललो होतो, हे तक्रारदार स्त्रीनेही २०२४ मध्ये कबूल केलं.

त्या तिघांवर घोर अन्याय झाला. पण ‘ड्यूक विसरू नका’ हे वाक्य नंतरच्या कुठल्याही तक्रारदार मुलीचं तोंड बंद करायला वापरलं जातं, ते मला मान्य नाही. ड्यूकमध्ये तक्रार ऐकून घेतली हा गुन्हा नव्हता. सत्तेच्या खुर्चीतल्या माणसाने पुरावा दडपला, हा गुन्हा होता. आणि जमावाने त्या पुराव्याची वाट पाहिली नाही.

पुराव्याआधी बाजू घेण्याला वृत्तपत्रंही हातभार लावतात. जानेवारी २०१५ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या आवारात सायकलवरून जाणाऱ्या दोन स्वीडिश विद्यार्थ्यांनी ब्रॉक टर्नर या जलतरणपटूला एका बेशुद्ध तरुणीवर अत्याचार करताना पाहिलं आणि पळू लागल्यावर पकडून ठेवलं. आपल्यासोबत नेमकं काय झालं ते त्या तरुणीला बातमीतून कळलं, आणि त्याच बातमीच्या शेवटी टर्नरच्या पोहण्याच्या वेळा दिलेल्या होत्या. शिक्षा फक्त सहा महिन्यांची झाली, त्यातलेही तीनच महिने त्याने भोगले. लोक हादरले ते तिने न्यायालयात वाचलेलं निवेदन २०१६ च्या जूनमध्ये प्रसिद्ध झाल्यावर. लाखोंनी ते वाचलं, अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहात सदस्यांनी आळीपाळीने ते मोठ्याने वाचलं. कॅलिफोर्नियाने कायदा बदलला. ती शिक्षा देणारे न्यायाधीश एरन पर्स्की यांना २०१८ मध्ये मतदारांनी पदावरून दूर केलं. शॅनेल मिलर हे आपलं नाव तिने जगाला सांगितलं ते २०१९ मध्ये, स्वतःच्या पुस्तकासोबत.

लोक वाचतात तेव्हा बदलतात, असं यावरून म्हणावंसं वाटतं. पण इथेच मी अडखळते. मिलर यांनी आपले शब्द स्वतः जगापुढे ठेवले. मिनेसोटातल्या मुलीचं तसं नव्हतं. त्या रात्रीचा बारीकसारीक तपशील, नाव झाकून का होईना, साऱ्या राज्याने वाचला, तेव्हा कुठे लोक थबकले. विश्वासासाठी नव्हे, निदान गप्प राहण्यासाठी तरी आपण एका मुलीकडून एवढी किंमत का मागावी? चाहत्यांनी अहवाल हाती येईपर्यंत थांबायला हवं होतं. आणि तो कधीच हाती आला नसता, तरीही थांबायलाच हवं होतं.

थांबा म्हणायचं तर चौकशी विश्वासाला पात्र हवी, आणि खेळाच्या पैशावर पोसलेल्या गावांत ती तशी असतेच असं नाही. फ्लोरिडा स्टेट विद्यापीठातल्या एका विद्यार्थिनीने डिसेंबर २०१२ मध्ये पोलिसांत तक्रार केली. संशयित विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचा क्वार्टरबॅक होता. त्याचा डीएनए नमुना घेतला गेला तो २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये, प्रकरण बातम्यांत आल्यानंतर. डिसेंबरमध्ये सरकारी वकिलाने खटला भरायला नकार दिला आणि नऊ दिवसांनी त्या खेळाडूला महाविद्यालयीन फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा हाइजमन करंडक मिळाला. मुलगी विद्यापीठ सोडून गेली. २०१६ मध्ये विद्यापीठाने तिला साडेनऊ लाख डॉलर देऊन दावा मिटवला, चूक मात्र मान्य केली नाही. खेळाडूने आरोप सतत नाकारला आहे. पहिल्याच आठवड्यात पुरावा नीट गोळा झाला असता, तर त्याचं म्हणणं खरं असल्यास ते सिद्ध करायलाही तोच पुरावा कामी आला असता.