जुने बाक, नवा पाय

छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या भागात एखादा वाडा पाडला जातो, तेव्हा त्याची दारे, चौकटी आणि तुळया यांना लगेच गिऱ्हाईक मिळते. अंगणातल्या बाकाला मात्र बहुधा कोणी विचारीत नाही. उन्हापावसाने करडे पडलेले, एका अंगाला कललेले ते बाक जळणात जाते. क्वचित एखादा ते उचलून घरी आणतो. दुरुस्तीला बसताच त्याच्यापुढे सुतारकामाइतकाच एक नैतिक प्रश्नही उभा राहतो. यातले काय राखावे आणि काय टाकावे?

सागवानाचा करडेपणा हा कुजण्याचा पुरावा नव्हे. सूर्यप्रकाशाने लाकडाचा पृष्ठभाग झिजतो, पाऊस ती झीज धुऊन नेतो. परंतु हा बदल वरच्या अत्यंत पातळ थरापुरताच असतो. रंध्याचे दोन हलके हात फिरवले की आतला सोनेरी तपकिरी रंग दिसू लागतो. खरी कुज असते ती पायांच्या तळाशी, जेथे लाकडाची टोके जमिनीतली ओल शोषून घेतात, आणि सांध्यांत, जेथे पाणी साचून राहते. पटाशीचे टोक टोचून पाहावे. निरोगी लाकूड विरोध करते. कुजलेले मुकाट्याने वाट देते. वार्धक्य वेगळे आणि विकार वेगळा, हे ओळखणे ही दुरुस्तीची पहिली पायरी होय. हा भेद विसरून वरच्या रंगावरून निवाडा देण्याची सवय आपल्याला केवळ लाकडापुरतीच आहे, असे आम्हांला वाटत नाही.

कुजलेला भाग बदलल्यावर बाक तेच राहते काय? थीसियसच्या नावेच्या फळ्या अथेन्सकर एकेक करून बदलीत गेले आणि तत्त्वज्ञांना वादाचा विषय मिळाला, असे प्लूटार्क सांगतो. आपल्याकडे या वादाच्या दोन्ही बाजू दगडात कोरलेल्या आहेत. कार्ल्याच्या चैत्यगृहात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी कमानी आजही छताला आहेत. तेथे द्रव्य टिकले. वेरूळच्या दहाव्या लेण्यात, ज्याला लोक ‘सुताराची झोपडी’ म्हणतात, लाकडाच्या फासळ्या पाषाणातच कोरल्या आहेत. तेथे द्रव्य गेले, आकार राहिला. जपानमध्ये ईसे येथील मंदिर दर 20 वर्षांनी नव्या लाकडात पुन्हा उभारतात. 2013 साली ते असेच उभारले गेले.

बाकाचे ओळखपत्र आम्हांला द्रव्यात किंवा आकारात सापडत नाही. ते दुसऱ्याचा भार पेलण्यात आहे. जीर्णोद्धार म्हणजे मूळ वास्तूचा नाशच, असे जॉन रस्किन याने 1849 साली बजावले होते. भग्न मंदिरापुढे त्याचे म्हणणे पटते. परंतु ज्यावर कोणी बसू शकत नाही, असे बाक किती काळ बाक म्हणवून घेईल?

म्हणून कुजलेला पाय निरोगी लाकडापर्यंत कापावा आणि सागवानाचाच नवा तुकडा जोडावा. गंजलेल्या स्क्रूंच्या जागी पितळी घालावेत. सैल सांध्यात पाचर ठोकावी. नव्या तुकड्यावर गडद रंग फासून तो जुना असल्याचा आव मात्र आणू नये. तो उजळ दिसेल, दिसू द्यावा. मराठवाड्याचे ऊन काही वर्षांत त्यालाही करडा करून आपल्या भावंडांत बसवील.

दुरुस्तीनंतरचा मोह सर्वांत अवघड असतो. बाक चकचकीत पॉलिश करून दिवाणखान्यात ठेवायचे, ‘जुन्या वाड्यातले आहे’ म्हणून पाहुण्यांना दाखवायचे आणि कोणी टेकू लागला की दचकायचे! जळणापासून वाचवलेले बाक असे दुसऱ्यांदा टाकून दिले जाते. त्याची जागा फाटकाबाहेर, कडुनिंबाच्या सावलीत आहे. पायांखाली दगडाच्या चिपा ठेवाव्यात, म्हणजे ओल चढणार नाही. आणि बाजारातून ओझे घेऊन परतणारी अनोळखी बाई घटकाभर टेकली, तर ती कोण, कुठली, हे विचारू नये.