चारशे गाईंची शाळा

चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल तालुक्यात मे महिना म्हणजे तेंदूपत्त्याचा हंगाम. पहाटेच आईसोबत रानात गेलेली दहा-अकरा वर्षांची पोर पान दोन बोटांत धरते आणि कोवळं की जून, हे हातानंच ओळखते. घरी आली की ७०-७० पानांचे पुडे बांधायला बसते. पानं मोजून घेणाऱ्या फळीवर पुडा कमी भरला तर मजुरी बुडते, म्हणून मोजणीत चुकत नाही. जूनअखेर शाळा उघडते आणि हीच पोर गणितात ‘कच्ची’ ठरते.

हुशारी ही देवाची देणगी, असं आपण सहज म्हणून जातो. ती देवानं मोजक्याच घरी दिली, की दिली सगळीकडे आणि आपली नजरच तोकडी पडली?

छांदोग्य उपनिषदाच्या चौथ्या अध्यायात सत्यकाम जाबाल भेटतो. गुरूंनी गोत्र विचारलं तेव्हा त्यानं आईनं सांगितलं तेच सांगितलं: ठाऊक नाही. हारिद्रुमत गौतमांनी त्या खरेपणावरच त्याला शिष्य केलं आणि ४०० रोडक्या गाई देऊन रानात धाडलं. कळप हजाराचा झाल्याशिवाय परतायचं नाही, असं ठरवून तो गेला. परतीच्या वाटेवर त्याला ब्रह्म समजावलं ते बैलानं, अग्नीनं, हंसानं आणि मद्गू नावाच्या पाणपक्ष्यानं.

तो परत आला, तेव्हा गौतमांनी चेहऱ्यावरूनच ओळखलं आणि विचारलं, तुला कुणी शिकवलं? माणसांनी नाही, असं सांगून सत्यकामानं गुरूंकडूनच विद्या मागितली. गौतमांनी तीच विद्या पुन्हा दिली, त्यातलं काहीही न गाळता. रानातलं शिक्षण त्यांनी खोटं ठरवलं नाही, आणि रानात शिकलास तेवढं पुरे, असंही म्हटलं नाही.

यातली दुसरी गोष्ट विसरणं फार सोपं असतं. पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने यांनी १९०५ साली बुद्धीची चाचणी तयार केली, ती शाळेत मागे पडणाऱ्या मुलांना मदत मिळावी म्हणून. पुढे तिच्यावरूनच मुलांची उतरंड लागली. हॉवर्ड गार्डनर यांनी १९८३ मध्ये बुद्धीचे अनेक प्रकार मांडले आणि नंतर त्यांत निसर्ग ओळखणारी बुद्धीही धरली. दार उघडलं हे खरं, पण ‘हा रानातलाच हुशार’ असा शिक्का मारला की तेच दार पुन्हा लागतं. ज्याचा त्याचा शिकण्याचा अधिकार वेगळा, या अधिकारभेदाच्या नावाखाली आपल्याकडे शतकानुशतकं हेच झालं. सत्यकाम गुराखीच राहिला असता, तर ती गोष्ट सांगण्याजोगी उरली नसती.

मे २०१८ मध्ये याच चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांचे पाच आदिवासी विद्यार्थी एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचले. त्यांच्या अंगी काटकपणा आधीपासूनच होता. नवीन होती ती त्यांना हेरणारी नजर, महिनोन्‌महिन्यांचा सराव आणि पाठीशी उभी राहिलेली यंत्रणा.

पुडे बांधणाऱ्या त्या पोरीसाठी हिमालय गाठायची गरज नाही. शाळेच्या पहिल्या दिवशी गुरुजींनी तिला एवढंच विचारावं: उन्हाळ्यात किती पुडे बांधलेस, बाई? ती आकडा सांगेल. गुणाकार तिथूनच सुरू करता येईल.